घशात रक्तवाहिन्यांची मोठी गाठ निघालीय? तपासणीपासून ऑपरेशननंतरच्या घरच्या काळजीपर्यंत सगळं

सांगली-मिरजेकडच्या माणसाला दवाखान्याचं नवल नाही. मिशनरी डॉक्टर वानलेस साहेबांनी १८९४ ला मिरजेत मिशन हॉस्पिटल सुरू केलं तेव्हापासून विजापूर-बेळगावकडचे पेशंटसुद्धा इथं उतरतात. पण रिपोर्टवर ‘घशात रक्तवाहिन्यांची गाठ’ असं आलं की घरात लगेच दोन पार्ट्या पडतात, एक म्हणते कॅन्सरच आहे आणि दुसरी म्हणते उद्याच्या उद्या कापून टाका. बहुतेक वेळा दोघंही चुकलेले असतात. यातल्या बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतात, आणि घाईनं कापायच्या तर मुळीच नसतात, कारण ती गाठ रक्तानं भरलेली आहे आणि बसलीय नेमकी श्वासाच्या वाटेवर. आधी श्वासाची सोय, मग रक्ताची सोय आणि मग सुरी. हा क्रम हलला की अवघड होतंय.

मी मिरजेत ईएनटी (कान-नाक-घसा) वॉर्डात सिस्टर म्हणून बरीच वर्षं काम केलंय. ऑपरेशन मी करत नाही, पण त्याच्या आदल्या रात्री आणि नंतरच्या आठ-दहा रात्री पेशंटजवळ कोण असतं ते तुम्हाला माहितीय. नातेवाईक तेव्हा जे विचारतात ते डोळ्यासमोर ठेवून लिहितेय. निर्णय तुमच्या डॉक्टरांचाच, हे वाचून फक्त त्यांना नीट प्रश्न विचारता आले पाहिजेत.

आधी ओळखायचं कसं

मोठी गाठ एका दिवसात होत नाही. घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटतंय, भाकरीचा घास पाण्याबरोबर ढकलावा लागतो, आवाज दबका झालाय, घोरणं वाढलंय, झोपेत दम कोंडून माणूस उठून बसतो, कधी थुंकीतून रक्त येतं. असं वर्षानुवर्षं चाललेलं असतं आणि आपण पित्त, टॉन्सिल, हवामान, द्राक्षबागेची फवारणी असं कशावर ना कशावर ढकलत असतो.

तोंड उघडून टॉर्च मारला आणि टाळूला, जिभेच्या मुळाशी किंवा घशाच्या बाजूला निळसर-जांभळा फुगवटा दिसला तर संशय घ्यायचा. एक सोपी खूण म्हणजे माणूस खाली वाकला, जोरात खोकला, कुंथला किंवा लहान मूल रडलं की फुगवटा वाढतो आणि नंतर उतरतो. ही शिरांच्या गाठीची खूण. उलट गाठीत नाडीसारखे ठोके लागत असतील तर ते धमनीचं प्रकरण असू शकतं, आणि ते जास्त तापट. जबड्याच्या कोपऱ्याखाली मानेत गाठ आहे, ती आडवी हलते पण वर-खाली हलत नाही, तर कॅरोटिड बॉडी ट्यूमर, म्हणजे मानेतल्या मोठ्या धमनीच्या फाट्यावरची गाठ, डोक्यात ठेवतात. बारा-पंधरा वर्षांच्या पोराचं एकाच बाजूचं नाक सारखं चोंदतंय आणि घोळणा फुटून भरपूर रक्त जातंय तर नाकाच्या मागच्या बाजूची अँजिओफायब्रोमा नावाची गाठ आहे का ते बघतात, ही जवळजवळ मुलांनाच होते. आणि दोन-तीन महिन्यांच्या बाळाचा श्वास घुरघुरतोय, आत घेताना आणि सोडताना दोन्हीकडं आवाज येतोय, हनुवटी-गालावर लाल डाग आहे, औषध देऊन तेवढ्यापुरतं बरं वाटतंय आणि परत सुरू होतंय, तर नुसता कफ म्हणून सोडू नका, श्वासनलिकेत हिमँजिओमा, म्हणजे बाळाची रक्तवाहिन्यांची वाढणारी गाठ, असू शकतो.

आता कधी थांबायचंच नाही ते सांगते. श्वास घेताना आवाज यायला लागला, आडवं झोपताच येईना, लाळ गिळता येईना म्हणून बाहेर गळतेय, ओठ निळे पडतायत, किंवा तोंडातून ताजं लाल रक्त येतंय, यातलं काहीही झालं की १०८ ला फोन. तोपर्यंत माणसाला बसवून पुढं झुकवायचं, आडवं करायचं नाही, रक्त गिळू द्यायचं नाही, थुंकायला सांगायचं. पाणी पाजायचं नाही, कारण कदाचित लगेच भूल द्यावी लागेल.

हात लावायचा नाही, कुणालाच लावू द्यायचा नाही

आपल्याकडं अजून ‘पडजीभ पडली’ म्हणून घशात बोट घालून वर उचलणाऱ्या बाया गावोगाव आहेत. त्यांचा हेतू चांगला असंल, पण असल्या गाठीला नख लागलं तर रक्त थांबवणार कोण? तसंच ओपीडीत ‘जरा तुकडा काढून बघू’ किंवा ‘सुई घालून बघू’ असं कुणी म्हणालं तर अदबीनं विचारायचं, “साहेब, आधी एमआरआय करून घेऊया का?” निळ्या किंवा ठोके लागणाऱ्या गाठीचा तुकडा स्कॅनच्या आधी काढत नाहीत, हे ईएनटीवाल्यांना माहीत असतंच, तरी विचारलेलं बरं.

तपासण्या, आणि त्या करताना काय सांभाळायचं

सुरुवात दुर्बिणीनं होते. नाकातून बारीक, वाकणारी दुर्बीण घालतात, नाकात बधिर करायचा स्प्रे मारतात, दोन-चार मिनिटांचं काम. गाठ कुठून कुठपर्यंत आहे, स्वरयंत्र हलतंय का, श्वासाची फट किती उरलीय ते दिसतं. त्याचा व्हिडिओ मागून घ्या, मोबाईलवर देतात, पुढं चार ठिकाणी कामाला येतो.

मुख्य तपासणी मात्र एमआरआय, तीही रंग देऊन म्हणजे कॉन्ट्रास्टची. गाठ मांसात किती खोल शिरलीय ते त्यातच कळतं. शिरांची गाठ एमआरआयच्या एका प्रकारच्या फोटोत पांढरी चमकते, तर जोरात रक्त वाहणाऱ्या धमनीच्या गाठीत काळ्या नळ्या दिसतात. सीटीवर शिरांच्या गाठीत कधी बारीक गोल खडे दिसतात, रक्त साचून साचून झालेले, ते दिसले की निदान बरंच पक्कं होतं. मानेची डॉपलर सोनोग्राफी स्वस्तात होते, वाहतं रक्त जोराचं आहे की संथ ते तिथंच समजतं. खरी अँजिओग्राफी, म्हणजे जांघेतून नळी घालून केलेली, प्रत्येकाला लागत नाही. धमनीची गाठ किंवा अँजिओफायब्रोमा असंल तर गाठीचा रक्तपुरवठा आतून बंद करायच्या वेळीच ती करतात.

एमआरआयला पाठीवर सरळ अर्धा-पाऊण तास झोपावं लागतं. मोठ्या गाठीचा पेशंट झोपला की गाठ फुगते आणि दम लागतो. हे सेंटरवाल्यांना अपॉइंटमेंट घेतानाच सांगा, गरज पडली तर भूलतज्ञ बरोबर ठेवून करतात. पेसमेकर, जुन्या क्लिपा, शरीरात कुठंही धातू असंल तर तेही आधी सांगायचं. रंग द्यायच्या आधी किडनीचा क्रिएटिनिन रिपोर्ट बघतात. आणि नुसता टाइप केलेला रिपोर्ट घेऊन येऊ नका, सीडी किंवा पेनड्राइव्ह घ्याच. पुण्या-मुंबईचा डॉक्टर रिपोर्ट बाजूला ठेवतो आणि फोटो मागतो.

रक्ताच्या तपासण्यात हिमोग्लोबिन, प्लेटलेट, रक्त गोठायची वेळ हे तर आलंच. शिरांची गाठ फार मोठी असंल तर तिच्यात आतल्या आत गुठळ्या होत राहतात आणि रक्त गोठवणारे घटक कमी पडतात, म्हणून डी-डायमर आणि फायब्रिनोजेन बघतात. डी-डायमर वाढलेला दिसला की लोक कोविड आठवून घाबरतात, इथं त्याचं कारण वेगळं असतं. मानेतल्या कॅरोटिड बॉडीच्या गाठीला रक्त किंवा लघवीतली मेटानेफ्रिन नावाची तपासणी करतात, कारण काही गाठी बीपी वाढवणारी रसायनं सोडतात आणि भुलीखाली बीपी एकदम उसळू शकतं.

गाठीचं नाव पक्कं करून घ्या, उपचार नावावर ठरतो

इथं सगळ्यात जास्त गोंधळ होतो. रिपोर्टात सरसकट ‘हिमँजिओमा’ लिहून मोकळे होतात. १९८२ पासून डॉक्टरांच्या जगात दोन गोष्टी वेगळ्या मानतात. एक खरी वाढणारी गाठ, दुसरी जन्मापासूनची रक्तवाहिन्यांची चुकीची घडण. बाळाचा हिमँजिओमा हा पहिला प्रकार, तो जन्मानंतर काही आठवड्यात दिसतो, पहिले पाच-सहा महिने जोरात वाढतो आणि मग काही वर्षांत आपोआप ओसरत जातो. त्याला सुरी क्वचितच लागते. २००८ मध्ये फ्रान्सच्या डॉक्टरांना दिसलं की प्रोप्रानोलॉल हे बीपीचं साधं जुनं औषध दिल्यावर हा हिमँजिओमा आकसतो, आणि तेव्हापासून सगळा उपचारच बदलला. पण हे औषध घरी ठरवून द्यायचं नाही हां, बाळाची साखर आणि नाडी उतरू शकते, डोस वजनावर ठरतो आणि पाजूनच द्यावं लागतं, उपाशीपोटी नाही.

मोठ्या माणसाच्या घशात जी जांभळी गाठ असते ती बहुतेक वेळा दुसऱ्या प्रकारातली, शिरांची घडण, व्हीनस मालफॉर्मेशन. रक्तानं भिजलेला स्पंज समजा, दाबला की बसतो, सोडला की भरतो. ती आपोआप जात नाही आणि प्रोप्रानोलॉलनं तर जातच नाही. धमनी-शिरेची घडण, म्हणजे एव्हीएम, यात धमनीचं रक्त थेट शिरेत घुसतं, हिला अर्धवट छेडलं तर ती आणखी पसरते. म्हणून ‘नुसती मानेतली मोठी धमनी बांधून टाकू’ हा जुना मार्ग आता चुकीचा मानतात, कारण आजूबाजूच्या बारीक धमन्या मोठ्या होऊन गाठीला रक्त पुरवायला लागतात आणि वर आतून नळी न्यायचा रस्ताही कायमचा बंद होतो. कुणी असं सुचवलं तर दुसरं मत घ्याच.

कापायचं का, हाच खरा प्रश्न

लहान गाठ, त्रास नाही, रक्त येत नाही, तर नुसती लक्ष ठेवायची गाठ आहे. दरवर्षी दुर्बीण करा. मोठी आहे, श्वास-गिळणं अडतंय, रक्त येतंय, तर काहीतरी करावं लागतं, आणि त्या ‘काहीतरी’त चार गोष्टी येतात, ज्या बहुतेक वेळा मिसळून वापरतात.

स्क्लेरोथेरपी म्हणजे गाठीत औषध टोचून आतल्या शिरा चिकटवून टाकणं. सोडियम टेट्राडेसिल, पोलिडोकॅनॉल, ब्लिओमायसिन ही त्यातली नावं कानावर पडतील. शिरांच्या गाठीला हा पहिला उपाय, काही आठवड्यांच्या अंतरानं दोन-चार वेळा तरी लागतो. मात्र टोचल्यावर पुढचे दोन-तीन दिवस गाठ आणखी सुजते, म्हणजे घशाच्या गाठीत श्वास बंद व्हायचा धोका तेव्हाच जास्त. ब्लिओमायसिन देणार असतील तर फुफ्फुसाची तक्रार, बिडी-सिगरेट, पोटुशी असण्याची शक्यता हे सगळं आधी सांगून टाका. दुसरं लेसर, पसरट, वरच्या थरातल्या गाठीला चांगलं. ‘लेसरनं करू’ म्हणाले की कुठलं लेसर ते विचारा, कारण सीओटू लेसर मोठ्या शिरा बंद करू शकत नाही, तिथं एनडी-याग किंवा केटीपी सारखं लागतं. तिसरं सिरोलिमस नावाची गोळी, मोठ्या पसरलेल्या गाठींना आकसवायला देतात, रक्तातलं प्रमाण मोजत राहावं लागतं आणि तोंड येतं. चौथं प्रत्यक्ष ऑपरेशन.

नातेवाइकांचा ठरलेला प्रश्न असतो, “पूर्ण निघंल ना सिस्टर?” माझं स्पष्ट मत सांगते, इथं तो प्रश्नच वेगळा विचारायला पाहिजे. जिभेच्या मुळात, स्वरयंत्रात, गळ्याच्या भिंतीत शिरलेली शिरांची गाठ पूर्ण खरवडायला गेलं तर गिळणं आणि आवाज दोन्ही जाऊ शकतं, आणि मग गाठ गेली पण माणूस आयुष्यभर नळीवर जेवतोय. थोडी राहिली तरी चालेल पण श्वास मोकळा, घास खाली आणि आवाज शाबूत, हे चांगलं ऑपरेशन. कॅरोटिड बॉडी आणि अँजिओफायब्रोमाचं मात्र वेगळं, तिथं पूर्ण काढायचाच प्रयत्न असतो.

दवाखाना निवडताना

नुसता नावाजलेला सर्जन पुरत नाही. एकाच छताखाली काय काय पाहिजे ते सांगते: अवघड श्वासनलिकेची सवय असलेला भूलतज्ञ, रक्तपेढी, आयसीयू, आणि आतून रक्तपुरवठा बंद करणारा इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट. शेवटचा माणूस सगळीकडं नसतो. मिरजेचं शासकीय मेडिकल कॉलेज, सांगलीचं भारती, कराडचं कृष्णा अशी मोठी ठिकाणं जवळ आहेत, पण आज कुठं कुठली सोय चालू आहे ते फोन करून, जाऊन, विचारूनच घ्या. ‘एम्बोलायझेशन, म्हणजे आतून रक्तपुरवठा बंद करणं, तुमच्याकडं होतं का, की बाहेरून माणूस येतो?’ एवढा एक प्रश्न विचारला की बरंच कळतं. नाही म्हणाले तर वाईट वाटून घेऊ नका, पुण्याला पाठवणारा डॉक्टर प्रामाणिक असतो.

पैशाचं म्हणाल तर महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत ही प्रोसिजर बसते का ते ॲडमिट व्हायच्या आधी आरोग्यमित्राला, म्हणजे दवाखान्यातल्या योजनेच्या माणसाला, विचारायचं, रेशनकार्ड आणि आधार बरोबर ठेवून. मंजुरी ऑपरेशनच्या आधी घ्यायची असते. बाहेर बिल भरून पावत्या घेऊन योजनेकडं जाणारे लोक मी बघितलेत, तसं होत नाही. मुख्यमंत्री सहायता निधीचा अर्जही त्याच वेळी करून ठेवावा.

ऑपरेशनच्या आधीचे पंधरा दिवस

इकोस्प्रिन, क्लोपिडोग्रेल किंवा रक्त पातळ करणारी दुसरी कुठली गोळी चालू आहे का, ते गोळ्यांची पिशवीच नेऊन दाखवा. स्वतःच्या मनानं बंद करू नका, ज्यांच्या हृदयात स्टेंट आहे त्यांना ते महागात पडतं, कधी थांबवायची ते हृदयाचा डॉक्टर आणि भूलतज्ञ मिळून ठरवतात. अंगदुखीच्या गोळ्या, आयुर्वेदिक पुड्या, काढे हेही सांगायचं. मिश्री, तंबाखू, गुटखा, बिडी बंद. आमच्याकडं पुरुष तंबाखू कबूल करतात पण बायका मिश्रीचं सांगतच नाहीत, “दात घासते नुस्तं” म्हणतात. सांगा हो, जखम भरायला फरक पडतो.

हिमोग्लोबिन कमी असंल तर आधी वाढवून घ्यायचं, वेळ असंल तर लोहाच्या गोळ्या नाहीतर शिरेतून इंजेक्शन. रक्ताचं काम नातेवाइकांनी मनावर घ्यायचं. किती पिशव्या क्रॉसमॅच करून (पेशंटच्या रक्ताशी जुळवून) ठेवायच्या ते सर्जन सांगतात, तुम्ही डोनर जमवून ठेवा. डोनर १८ ते ६५ वयाचा, वजन ४५ किलोच्या वर, हिमोग्लोबिन १२.५ तरी, आणि आधीचं रक्तदान पुरुषाचं ३ महिन्यांपूर्वी, बाईचं ४ महिन्यांपूर्वी झालेलं. ऑपरेशनच्या दिवशी सकाळी मंडळाची पोरं गाडी भरून आणण्यापेक्षा दोन-तीन दिवस आधी रक्तपेढीत पाठवा, कारण दिलेलं रक्त तपासून वापरायला वेळ जातो.

श्वासाची वाट: सगळ्यात महत्त्वाची चर्चा

नेहमीच्या ऑपरेशनला भूल देऊन माणूस झोपला की मग तोंडातून श्वासाची नळी घालतात. इथं तसं चालत नाही. भूल दिली की घशाचे स्नायू ढिले पडतात, गाठ वाटेवर पडते, आणि आंधळेपणानं नळी ढकलली तर गाठ फाटून सगळं रक्त फुफ्फुसात. म्हणून एकतर जागेपणी, घसा बधिर करून, नाकातून वाकणाऱ्या दुर्बिणीवरून नळी घालतात. ऐकायला भयंकर वाटतं पण नीट समजावून केलं तर पेशंट सहन करतात, मी हात धरून बसलेय तेव्हा. नाहीतर गळ्याला बाहेरून भोक पाडून, म्हणजे ट्रॅकिओस्टॉमी करून, आधी श्वासाची पक्की सोय करतात आणि मगच गाठीला हात घालतात.

ट्रॅकिओस्टॉमी म्हटलं की घरचे हात झटकतात. आष्टा भागातल्या एका बाईंना त्यांच्या भाच्यानं वॉर्डातच सांगितलं, “आत्त्या, भोक पाडलं की माणूस संपला समज, सही करू नको.” मी म्हटलं, भाऊ, भोक पाडल्यामुळं माणूस संपत नाही, वेळेवर न पाडल्यामुळं संपतो. मोठ्या गाठीच्या ऑपरेशननंतर दोन-चार दिवस घसा सुजणारच, तेव्हा मध्यरात्री दोन वाजता धावपळीत करण्यापेक्षा दिवसाउजेडी शांतपणे केलेली ट्रॅकिओस्टॉमी कधीही बरी. सूज उतरली की आधी नळीचं तोंड बंद करून बघतात, माणूस वरून नीट श्वास घेतोय असं दिसलं की नळी काढतात आणि भोक बहुतेकांचं काही दिवसांत आपोआप बुजतं. तोपर्यंत आवाज नसतो, तेव्हा पाटी-पेन्सिल नाहीतर मोबाईल. लिहिता येत नसंल तर हाताच्या खुणा आधीच ठरवून घ्या: पाणी, दुखतंय, कफ काढा, घरच्यांना बोलवा.

गाठीचा रक्तपुरवठा बंद करणं

एव्हीएम, अँजिओफायब्रोमा आणि काही मोठ्या कॅरोटिड बॉडीच्या गाठींना ऑपरेशनच्या साधारण एक ते तीन दिवस आधी जांघेतून बारीक नळी मानेतल्या धमनीपर्यंत नेऊन गाठीला रक्त नेणाऱ्या फांद्या आतून बंद करतात, बारीक कण, गोंदासारखं औषध किंवा तारेची गुंडाळी वापरून. नंतर पाय काही तास सरळ ठेवायचा असतो, पोरं ऐकत नाहीत. जास्त दिवस मध्ये गेले तर नव्या फांद्या फुटतात, म्हणून दोन्ही तारखा एकदम ठरवून घ्या. धोका छोटा पण मोठ्या परिणामाचा आहे, कण चुकून मेंदूच्या किंवा डोळ्याच्या वाहिनीत गेले तर लकवा किंवा दृष्टी जाऊ शकते. संमतीपत्रावर हे लिहिलेलं असतंय, वाचून सही करा, समजलं नाही तर परत विचारा.

ऑपरेशनच्या दिवशी आत काय चालतं

बाहेर बसून तास मोजणाऱ्यांसाठी थोडक्यात. गाठ टाळूला, टॉन्सिलच्या जागी किंवा जिभेच्या मुळाशी असंल तर तोंडातूनच करतात. स्वरयंत्राजवळ असंल तर तोंडातून सरळ नळकांडं घालून लेसर किंवा कोब्लेशननं (विजेच्या लहरींनी, कमी उष्णतेत मांस विरघळवायची पद्धत). खोल, मानेपर्यंत गेलेली असंल तर मानेला चिरा देऊन बाजूनं जातात, आणि फारच मोठी, कुठूनच पोचता येईना अशी असंल तर खालचा ओठ आणि जबड्याचं हाड मध्ये कापून बाजूला उघडतात, शेवटी हाड प्लेट-स्क्रूनं जोडतात. ही शेवटची पद्धत क्वचितच लागते, ऐकून दचकू नका.

खरं कसब गाठीच्या कडेनं जाण्यात आहे. आत शिरायचं नाही, तिच्याभोवती निरोगी भागातून फिरत एकेक वाहिनी शोधायची, बांधायची, मग पुढं. मानेतल्या मोठ्या धमनीभोवती आधीच रबरी फासा टाकून ठेवतात, रक्त उसळलं तर तेवढ्यापुरता आवळायला. भूलतज्ञ डोक्याकडची बाजू थोडी उंच ठेवतात, बीपी बेतानं कमी ठेवतात, सांडलेलं रक्त धुऊन परत पेशंटलाच द्यायचं मशीनही काही ठिकाणी असतं. काढलेला भाग पॅथॉलॉजीला जातो, तो रिपोर्ट विसरून गावाकडं जाऊ नका, अंतिम नाव त्यातच कळतं.

किती वेळ लागंल? दोन तासही, आठ तासही. मध्येच सिस्टर बाहेर येऊन रक्ताची पिशवी मागते याचा अर्थ काहीतरी बिघडलंच असा घेऊ नका. रक्त लागणारच म्हणून तर जमवलंय.

नंतरचे दिवस, वॉर्डात आणि घरी

पहिली रात्र आयसीयूत. पहिले २४ तास रक्तस्रावाचे, आणि पुन्हा पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या सुमाराला जखमेवरची खपली सुटते तेव्हा. हा दुसरा काळ लोक विसरतात, कारण तोवर डिस्चार्ज झालेला असतो आणि माणूस जत-आटपाडीच्या वाडीवर पोचलेला असतो. शक्य असंल तर ते आठ-दहा दिवस मिरज-सांगलीत कुणा पाहुण्यांकडं राहा.

जेवण पहिल्यांदा नाकातल्या नळीनं. पेशंटला उशा देऊन बसतं करा, नळी जागेवर आहे का ते सिस्टरनं दाखवलेल्या पद्धतीनं तपासा, मग गाळलेली पेज, ताक, डाळीचं पाणी, दूध हळूहळू सोडा, जोरानं पिचकारी मारू नका. आधी-नंतर साधं पाणी घालून नळी धुवा आणि नंतर अर्धा-पाऊण तास आडवं होऊ देऊ नका. नळीवर ठेवून तोंडानं गुपचूप चहा पाजणाऱ्या मावश्या दर आठवड्याला एक तरी सापडते. गिळणं सुधारलंय का ते गिळण्याची थेरपी देणाऱ्यांनी तपासल्याशिवाय एक घोटही नको, तो फुफ्फुसात जाऊन न्यूमोनिया होतो. तोंडानं सुरू केल्यावर पहिल्यांदा थंड-कोमट, मऊ, घट्टसर: दहीभात, नाचणीची आंबील, शिरा. पातळ पाण्यापेक्षा घट्टसर पदार्थ गिळायला बहुतेकांना सोपा जातो. भडंग, बाजरीची कडक भाकरी, शेंगदाणे, झणझणीत रस्सा, गरम चहा डॉक्टर हो म्हणेपर्यंत बंद. सांगलीच्या माणसाला भडंग सोडायला लावणं अवघड काम आहे, पण एक कडक मुरमुरा खपलीला लागला तर परत ॲम्ब्युलन्स.

ट्रॅकिओस्टॉमीची नळी ठेवून घरी पाठवत असतील तर किमान दोन माणसांनी वॉर्डातच शिकून घ्या: कफ ओढायचं मशीन कसं चालवायचं, आतली नळी काढून कशी धुवायची, पट्टी कशी बांधायची (एक बोट आत जाईल एवढी ढिली), ओला पातळ कपडा समोर कसा ठेवायचा. उसाच्या फडाची धूळ, चुलीचा धूर, भट्टी यापासून लांब. अंघोळीला पाणी गळ्याखालून घ्यायचं, विहिरीत-नदीत पोहणं अजिबात नाही. आतली नळी बदलायची एक जास्तीची घरात असू द्या. नळी पूर्ण बाहेर आली आणि दम लागला तर पुन्हा १०८.

काही गोष्टी दिसल्या तर घाबरू नका पण सांगा. आवाज घोगरा, जीभ बाहेर काढली की एका बाजूला वळते, खालच्या ओठाचा कोपरा वाकडा, पाणी नाकातून येतंय, हे मानेतल्या नसा ताणल्या गेल्यामुळं होतं, बरंच काही महिन्यांत सुधारतं, काहींचं राहतं. अजून एक विचित्र तक्रार, मानेच्या खोल गाठीनंतर काहींना जेवताना पहिल्याच घासाला कानाखाली कळ येते आणि पुढच्या घासांना कमी होत जाते. डॉक्टरला सांगितलं तर ते ओळखतात, पेशंटला मात्र वाटतं गाठ परत आली.

ताजं रक्त चमचाभर जरी आलं तरी घरी बर्फ चघळत बसायचं नाही, दवाखाना गाठायचा.

पुढं लक्ष कशावर

साधारण तीन ते सहा महिन्यांनी परत एमआरआय आणि दुर्बीण, मग डॉक्टर म्हणतील तसं. उरलेल्या भागावर पुन्हा स्क्लेरोथेरपी लागू शकते, याला अपयश समजू नका, ते आधीपासूनच ठरलेलं असतं. शिरांची आणि धमनीची घडण वयात येताना आणि गरोदरपणात वाढू शकते, म्हणून घरात लेक-सून असंल तर दिवस जायच्या आधी ईएनटीला दाखवून घ्या आणि बाळंतपणाच्या डॉक्टरला पहिल्याच भेटीत सांगा, कारण कळा देताना जोर लावल्यानं गाठ फुगते आणि सिझेरियनला भूल द्यायची वेळ आली तर त्यांना श्वासाच्या वाटेची तयारी लागते. कॅरोटिड बॉडीची गाठ घराण्यात चालू शकते, तर भावंडांची मान एकदा तपासून घ्या.

आणि एक काम आजच करा. दुर्बिणीचा फोटो, एमआरआयचा निष्कर्ष आणि ‘घशात रक्तवाहिन्यांची गाठ आहे, श्वासाची नळी घालताना सावध’ अशी ओळ लिहिलेला कागद पेशंटच्या आणि घरातल्या दोघांच्या मोबाईलात ठेवा. उद्या अपघात झाला, अपेंडिक्स झालं, बेशुद्ध पडून इस्लामपूरच्या नाहीतर विट्याच्या कुठल्या कॅज्युअल्टीत नेलं, तर तिथल्या ड्युटीवरच्या डॉक्टरला ते नळी घालायच्या आधी दाखवता आलं पाहिजे.